दिवसा दोन, रात्री एक

सकाळचा चहा गाळण्याआधी श्वासपेटीपुढं जाऊन उभं राहायचं, ही सवय मुळात बायकोची, शालनची. ती जाऊन चार महिने झाले तरी भानुदास मास्तरांच्या अंगातून ती सवय गेली नव्हती. हातात गाळणी तशीच धरून ते स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधल्या भिंतीपाशी आले. भिंतीतल्या काचेमागं अळूचे दोन वाफे, वर पांढरट-गुलाबी दिवे, आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात आकडा.

शून्य पॉइंट आठ.

मास्तरांनी चष्मा बनियनला पुसला आणि पुन्हा पाहिलं. आकडा जागचा हलला नाही.

घरात किती माणसांचा श्वास फिरतोय, याचा पेटीनं बांधलेला तो अंदाज. शालन होती तेव्हा तिथं दोन असायचं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं की दोन पॉइंट दोन, आणि मग शालन काचेवर बोट आपटून म्हणायची, "बघा, तुमच्यावर ओरडले की अळूला तरी मानवतं." ती गेली, आलेली माणसं पांगली आणि आकडा एकावर आला. तेही मास्तरांनी कसंबसं सोसलं होतं. पण एकाच्याही खाली म्हणजे काय? ते तर इथं उभे होते, सबंधच्या सबंध. चाळीस वर्षं लग्नाच्या वरातींत क्लॅरिनेट वाजवलेला माणूस, ज्याच्या दमाचं अख्ख्या सोलापुरात नाव होतं, तो पेटीच्या लेखी पुरता एक माणूससुद्धा भरत नव्हता.

सोलापुरातल्या खिडक्या बंद होऊन आता आठ वर्षं झाली होती. उन्हाळा आठ-आठ महिने हटेना, धूळ लोकांच्या फुफ्फुसात घर करायला लागली, तेव्हा नव्या इमारती डब्यासारख्या हवाबंद बांधल्या गेल्या आणि जुन्यांच्या खिडक्या लिंपल्या गेल्या. आतली हवा आतच फिरवायची, आणि ती ताजी ठेवायचं काम भिंतीतल्या रोपांनी करायचं. साध्या रोपांच्यानं हे झालं नसतं. दोन माणसांपुरता प्राणवायू द्यायला अंगणभर झाडी लागली असती. म्हणून शास्त्रज्ञांनी रोपांच्या पेशींतली हरितलवकं, म्हणजे उजेडावर साखर रांधणारे हिरवे कण, बदलून चांगली दसपट चपळ केली. कंपनीच्या यादीत अशी सात रोपं होती. बाकी सगळ्या इमारतीनं शोभेची पत्ती निवडली. शालननं यादी वाचली, अळूवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "भिंतीत ठेवायचंच आहे तर खाण्यासारखं तरी ठेवू."

मग दाराला दार आलं. बाहेरचं मिटल्याखेरीज आतलं उघडत नसे, आणि मधल्या कोठडीत दोन मिनिटं उभं राहून अंगावरची धूळ झाडून घ्यावी लागे. दर उघडझापीला घरातली थोडी हवा बाहेर जाई आणि पेटीचं गणित बिघडे. होता होता कुणाच्या घरी जाणं म्हणजे त्याला त्रास देणं झालं, आणि लोक एकमेकांना पडद्यावर भेटू लागले. मास्तरांची मुलगी दर रविवारी हैदराबादेहून पडद्यावर यायची. ती हसायची, रडायची, औषधं घेतली का विचारायची. पण पडद्यावरचं माणूस खोलीत श्वास सोडत नाही. पेटीच्या लेखी ते आलेलंच नसतं.

मास्तर तर या चार महिन्यांत मोजून सहा वेळा घराबाहेर पडले होते. त्याचं कारण त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला फर्जाना मुजावर आली. या भागातल्या पेट्यांची देखभाल तिच्याकडं होती. चाळिशीची, बोलायला मोकळी, आणि शालनच्या हातची अळूवडी दोनदा खाऊन गेलेली. आल्याआल्या तिनं एक पान उलटं करून पाहिलं. पानाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"काका, आकडा एकाखाली गेला की आमच्याकडं घंटी वाजते," ती म्हणाली. "तसे गेले दोन महिने मी दिवे मंद करत करत तुमची पेटी सांभाळतेय. आता आणखी मंद केले तर खालची पानं अंधारातच बसतील."

"मग काय करायचं?"

"दोन माणसांची पेटी एका माणसावर चालत नाही. एक वाफा काढावा लागेल."

"काढून लावायचा कुठं?"

"लावायचा नाही. ही बदललेली रोपं आहेत, पेटीबाहेर जिवंत ठेवायची परवानगी नाही. गड्ड्यांसकट भट्टीत जातात."

मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "बाई, एक वाफा म्हणजे अर्धी शालन झाली," ते म्हणाले. फर्जाना हसली नाही, म्हणून त्यांना पुढं बोलायचा धीर आला. "तुम्हाला म्हणून सांगतो. झाड आपला श्वास आत घेतं आणि साफ करून परत देतं, एवढं शाळेत शिकलोय. घर तर असं बंद. म्हणजे आत आहे ती हवा तिचीच ना? तिनं सोडलेली आणि अळूनं धुऊन दिलेली. म्हणून मी दार उघडत नाही. दार उघडलं की ती थोडी थोडी जाते."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, उगाच बोललो. एकाहत्तराव्या वर्षी माणसानं असं काही परक्या बाईला सांगू नये.

फर्जानाला मान डोलवून गप्प बसता आलं असतं. पण खोटा दिलासा तिच्या स्वभावात नव्हता. तिनं पिशवीतून बोटभर लांबीचं पर्णदर्शक काढलं, पानाला चिमट्यासारखं लावलं आणि समोरच्या भिंतीवर चित्र पाडलं.

भिंतभर खोल्याच खोल्या दिसायला लागल्या, एकीला लागून एक. प्रत्येक खोलीत हिरवे गोटे होते आणि ते हलत होते. उजेड मिळावा म्हणून सगळे खोलीच्या वरच्या अंगाला येऊन पसरले होते.

"या पेशी. आणि हे गोटे म्हणजे हरितलवकं," फर्जाना म्हणाली. "आता एकाच्या आत जाऊ. इथून पुढं यंत्राला दिसत नाही, ते चित्र काढून दाखवतं."

गोट्याच्या आत चपट्या चकत्यांचे ढीग होते, ढिगाशेजारी ढीग.

"कडक भाकऱ्यांची चळत," मास्तर नकळत बोलून गेले.

"अगदी तशीच. या चळतीवर उजेड पडला की पाणी फुटतं. मुळांनी ओढलेलं साधं पाणी. त्यातला प्राणवायू सुटतो आणि आपण घेतो तो हाच. काका, तो पाण्यातला असतो. आपल्या श्वासातला नसतो."

मास्तर चित्राकडं बघत राहिले. "म्हणजे ही हवा..."

"पाण्याची आहे. नळाच्या पाण्याची." तिचा आवाज उतरला. "रागावू नका. श्वासातला कार्बन जातो इकडं, चळतीच्या भोवतीच्या रसात. तिथं एक विकर असतं, पेशीतला कारागीरच म्हणा. ते तुम्ही सोडलेला कार्बन धरतं आणि चळतीवरून आलेल्या ताकदीनं एकाला एक जोडत जातं. त्याची साखर होते. त्या साखरेचं पान होतं."

"मग शालन पानात आहे."

"पान दीड-दोन महिने टिकतं, काका."

मास्तरांनी बोटं मोजली नाहीत. मोजायची गरजच नव्हती. आज काचेमागं उभं होतं त्यातलं एकही पान शालननं पाहिलेलं नव्हतं. चार महिने दार लावून ज्याची राखण केली ते नळाचं पाणी निघालं, आणि ज्यात ती होती ती पानं तर त्यांनीच पिवळी झाली म्हणून खुडून खतात टाकली होती. त्यांना एकदम इतकं एकटं वाटलं की ती गेली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घरात माणसं होती.

"पण गड्डे आहेत," फर्जाना घाईनं म्हणाली. "पानाला लागून उरलेली साखर खाली गड्ड्यात जाऊन साठते. शालनमावशींच्या वेळचा साठा अजून तिथं आहे. मात्र एक सांगते. श्वास कमी पडला की तो कारागीर गडबडतो. कार्बन मिळेना म्हटल्यावर समोर येईल तो प्राणवायूच धरून बसतो, आणि मग जोडलेलं तोडावं लागतं. पान कमवायचं सोडून झिजायला लागतं. ती तूट गड्डे भरून काढतात. तुमचा आकडा घसरायला लागला ना, तेव्हापासून ते मावशींच्या साठ्यातूनच काढून वर पाठवतायत."

"आणि साठा संपला की?"

"संपला की संपला." तिनं पर्णदर्शक मिटलं. "मी आज फॉर्म भरत नाही. पंधरा दिवसांनी येते. तोवर आकडा वर चढला तर बघू."

ती गेल्यावर मास्तरांनी कपाटावरची काळी पेटी खाली काढली. श्वासच हवा होता ना? मग श्वास ही एकच गोष्ट अशी होती की जी त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाकडं नव्हती. क्लॅरिनेट जोडून ते काचेसमोर खुर्ची टाकून बसले आणि वाजवायला लागले. वरात निघतानाच्या धुनी, मग वरात रेंगाळते तिथल्या, मग नवरी उंबऱ्यावर येते तेव्हाच्या. चार महिन्यांत पहिल्यांदा वाजवत होते. ओठ सैल पडले होते, दोनदा सूर फाटला. दोन तास झाले. अंगाला घाम सुटला, डोळ्यांपुढं काजवे चमकले. आकडा शून्य पॉइंट नऊवर गेला आणि ते टेकले तसा पुन्हा आठावर आला.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फर्जानाला फोन लावला.

"फुंकण्यानं नाही होत, काका," ती म्हणाली. "नुसती हवा आतबाहेर केली म्हणून कार्बन कुठून येणार? तो अंगात जळलेल्या अन्नातून येतो. चूल पेटली तर धूर. काल जेवणात काय होतं?"

"चहा घेतला होता. पाव होता."

"आणि रात्री?"

"पुन्हा चहा."

"म्हणजे तुमच्यात आणि त्या पानात काही फरक नाही," फर्जाना म्हणाली. "तुम्हीही स्वतःलाच जाळून दिवस काढताय. आधी जेवा."

हे ऐकून मास्तरांना राग आला, आणि राग येण्याइतपत ते खरं आहे हेही कळलं. पँट दोऱ्यानं बांधावी लागत होती. जेवण म्हणजे ताट मांडायचं, वाढून घ्यायचं आणि समोर कुणी नसताना चावत बसायचं. बँडमध्ये असताना वीस जणांच्या पंगतीत जेवलेल्या आणि त्यानंतर रोज शालनसमोर बसून जेवलेल्या माणसाला तो उद्योग जमत नव्हता.

पण आता प्रश्न गड्ड्यांचा होता. त्यांनी पेटीचं झाकण उघडून बाहेरची तीन पानं कापली. खाल्लं तरी घरातलं घरातच राहील, असा त्यांचा हिशोब. शालन कशी करायची ते शंभरदा पाहिलं होतं, म्हणजे पाहिल्यासारखं वाटत होतं. पानं चिरली, हरभऱ्याची डाळ घातली, मिरची, मीठ, गूळ, आणि घोटलं. रंग अगदी तसा आला. चौथ्या घासाला घशात असं काही सुरू झालं की जणू कुणी आतून खाजकुयली चोळतंय. पाणी प्यायले, साखर खाल्ली, खाकरून खाकरून डोळे लाल झाले. मुलीला सांगितलं असतं तर तिनं हैदराबादेत घाबरून डॉक्टर गाठला असता. त्यांनी समोरच्या दाराचा क्रमांक लावला.

समोर नीलव्वा हत्तुरे राहायच्या. अडुसष्ट वर्षांच्या, यजमान तीन वर्षांपूर्वी गेलेले. शालनशी त्यांचं पडद्यावरून रोज बोलणं असे. शालन गेल्यापासून तो पडदा लागला नव्हता.

"काय झालं वो मास्तर? आवाज असा का यायलाय?"

मास्तरांनी खाकरत खाकरत सांगितलं.

"चिंच घातलाव का?"

"चिंच?"

"अयाई! अळूला चिंच न्हाई घातलाव?" आणि नीलव्वा हसल्या. हसल्या म्हणजे किती, त्यांना थांबता येईना. "थांबा तिथंच. आले."

आल्या म्हणजे खरोखरच आल्या. कोठडीच्या झरोक्यातून मास्तरांना त्या दिसल्या. दोन मिनिटं उभ्या राहून पदर झाडत होत्या. एका हातात वाटी, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. आतलं दार उघडलं तेव्हा मास्तर नुसतेच बाजूला सरले. घरात पाहुणं माणूस आलं की काय म्हणतात, ते ते विसरले होते.

"आधी हे प्या," नीलव्वांनी चिंचेचा कोळ पुढं केला आणि तडक विजेच्या शेगडीकडं गेल्या. पातेल्यातला ऐवज चाखून न बघता त्यांनी उरलेला कोळ त्यात ओतला, वरून फोडणी दिली, मूठभर शेंगदाणे टाकले आणि उकळायला ठेवलं. फडक्यातून कडक भाकऱ्या निघाल्या, आणि शेंगाची चटणी.

मास्तरांचं लक्ष काचेकडं गेलं. एक पॉइंट एक. ते उभेच राहिले. एक पॉइंट चार. नीलव्वा पळीनं ढवळत बडबडत होत्या, आणि आकडा चढत होता. भाजी उतरवली तेव्हा तो एक पॉइंट आठ होता.

मास्तरांना आधी आनंद झाला आणि पाठोपाठ लाज वाटली. पेटीला काही कळत नव्हतं. तिच्या लेखी शालन बाजारातून परत आली होती, बस्स.

"नीलव्वा," ते म्हणाले, "घाई नसेल तर तासभर बसता का?"

"कशाला?"

"श्वास सोडायला."

नीलव्वांनी पळी खाली ठेवली. "लोक जेवायला बोलावतात, मास्तर. चहाला बोलावतात. श्वास सोडायला आजवर कुणी बोलावलं न्हवतं मला."

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. भाकऱ्यांची चळत, पाण्याची हवा, गड्ड्यांतला साठा, भट्टी. नीलव्वा ऐकता ऐकता खाली फरशीवर बसल्या.

"आमचे हे गेले तवा माझाबी वाफा नेला," त्या म्हणाल्या. "दोन माणसं आली, पोत्यात भरून घेऊन गेली. मी काय बोलले न्हाई. बोलायचं असतं हेच म्हाईत न्हवतं. उलट त्यास्नी चहा करून दिला."

मास्तरांनी दोन ताटं मांडली. पेटीतल्या पंख्याचा बारीक आवाज येत होता.

ताटं वाढून झाली तरी मास्तरांचा हात पुढं होईना. गड्ड्यातून वर चढलेलं हे पान. म्हणजे आज ताटात जे होतं त्यात थोडी का होईना शालन होतीच. हे त्यांनी तोंडानं बोलून दाखवलं.

"मग खा की," नीलव्वा म्हणाल्या. "जन्मभर तिनंच घातलंय न्हवं तुमाला खायला? आता का नको म्हणायलाव?"

मास्तरांनी घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी नीलव्वा दहाला आल्या, बाराला गेल्या. त्याच्या पुढच्या दिवशी शेंगा फोडायचं सूप बरोबर घेऊन आल्या आणि चारपर्यंत बसल्या. इमारतीच्या गटावर कुणीतरी लिहिलं, की चौथ्या मजल्यावर दारांची उघडझाप फार व्हायला लागली आहे. नीलव्वांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "मग एकदाच उघडावं. सकाळी यायचं, दिवेलागणीला जायचं." आणि तसंच करायला लागल्या.

बोलणं फार होत नसे. मास्तर क्लॅरिनेट पुसायचे, कधी एखादी धून वाजवायचे. दुपारी ताटं वाढली जायची आणि दोघंही समोरासमोर बसून जेवायचे. दिवसा आकडा दोनावर असायचा. नीलव्वा गेल्या की तो उतरत उतरत यायचा आणि थांबायचा एकावर. एकावर, शून्य पॉइंट आठवर नव्हे. मास्तर आता एकटे असले तरी पुरते एक होते.

शालनची वेताची खुर्ची काचेजवळच होती. नीलव्वा तिच्यावर बसायच्या नाहीत, फरशीवर बसायच्या. नवव्या दिवशी गुडघा धरला म्हणून त्या खुर्चीवर टेकल्या. मास्तरांनी पाहिलं. आपल्याला वाईट वाटेल म्हणून ते थोडा वेळ वाट बघत राहिले. वाईट वाटलंही, पण वाटलं होतं तितकं नाही, आणि याचंच मग संध्याकाळभर जास्त वाईट वाटलं.

बाराव्या दिवशी डाव्या वाफ्यात नवं पान आलं, विड्यासारखं गुंडाळलेलं. मास्तर त्याच्यापुढं बराच वेळ उभे राहिले. खालून येणारी साखर शालनच्या वेळची. वरून धरलेला कार्बन कालचा-परवाचा, म्हणजे नीलव्वांचा, आणि थोडा त्यांचा स्वतःचा. पान मात्र एकच होतं. त्यातलं कुठवर कोण, हे कुठल्याही पर्णदर्शकाला सांगता आलं नसतं. हे शालनला आवडलं असतं का?

पंधराव्या दिवशी फर्जाना आली. नीलव्वा खुर्चीत शेंगा फोडत होत्या. फर्जानानं त्यांच्याकडं पाहिलं, दाराजवळच्या चपलांकडं पाहिलं आणि पेटीची नोंद भिंतीवर उमटवली. रोजची रेघ सकाळी दहाच्या सुमाराला एक पायरी चढत होती आणि संध्याकाळी सातला एक पायरी उतरत होती.

"दिवसा दोन, रात्री एक," ती म्हणाली. मग पानं तपासून तिचा चेहरा खुलला. "पिवळेपणा गेला की! बरोबर आहे. पानाला श्वास लागतो तो उजेडातच. रात्री दिवे बंद, चळती बंद, कारागीरही बसून. रोपाच्या दृष्टीनं या घरात दोन माणसं राहतात."

"म्हणजे वाफा राहिला?" मास्तरांनी विचारलं.

"रोपाचं ठीक आहे, काका. अडचण फॉर्मची आहे." तिनं पाटी काढली. "इथं विचारलंय, घरात राहणाऱ्या व्यक्ती किती. दिवसा दोन आणि रात्री एक असं लिहायची सोय नाही. एक लिहिलं तर वाफा आजच न्यावा लागेल. दोन लिहिलं तर दुसरं नाव घालावं लागेल." ती थांबली. "आणि हत्तुरेकाकूंचं नाव इथं घातलं तर समोरची त्यांची पेटी बंद होते. एका माणसाला दोन पेट्या देत नाहीत. पेटी बंद म्हणजे घर बंद."

सुपातला शेंगा फोडल्याचा आवाज थांबला.

मास्तर काचेकडं बघायला लागले. घरात आज तिघं होते, आणि आकडा कित्येक महिन्यांनी तिनाजवळ गेला होता. त्याच्यामागं ते नवं पान अर्धं उलगडलेलं दिसत होतं.

"काका," फर्जाना हळूच म्हणाली, "किती लिहू?"

मास्तरांनी तिच्याकडं वळून तोंड उघडलं.

"तिला काय सांगायलाव?" नीलव्वा सुपाकडं बघतच म्हणाल्या. "आधी मला विचारा की."

मास्तर त्यांच्याकडं वळले. वरात निघायच्या वेळी घ्यायचे तसा त्यांनी छातीभर श्वास घेतला. एवढ्या दमात एके काळी अख्खी धून निघायची. आज त्यातून चार शब्दांचा एक प्रश्न निघेल का?